उजव्या हाताचा ग्लव्ह

तिचा हात डोक्यावरून मागे जात होता, अण्णा, आणि मी ओरडले. "उजवा!" एकच शब्द, पण सगळं मैदान ओलांडून गेला. हात तोवर खाली यायला लागला होता, थांबवता येण्यासारखा नव्हता, आणि चेंडू सुटला तो समोर झेलायला बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून, तिच्या मागच्या दोरीखालून, सरळ आम्हा पालकांच्या पायांत आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. कोचनं, रांगेत उभ्या असलेल्या मुलींनी, माझ्या शेजारी चहाचा कागदी कप घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीच्या वडलांनी. त्यांच्यातल्या कुणालाच तो शब्द कळला नव्हता. कळला होता फक्त तिला, आणि ती डावा हात तसाच मांडीशी ठेवून माझ्याकडे बघत होती.

मी चेंडू उचलला आणि परत फेकला. विचार करून नव्हे. पायाशी आला म्हणून. तो सरळ गेला आणि झेलणाऱ्या मुलीच्या पंजात बसला. शेजारचे गृहस्थ हसले. "अरे वाह मैडम, आप भी लेफ्टी! तभी तो." तभी तो काय, ते मी विचारलं नाही. मी माझ्या हाताकडे पाहत होते. तो डावा होता. बोटांना मैदानाची माती लागली होती. त्या हातानं आयुष्यात कधी काही फेकल्याचं मला आठवत नाही. उजव्यानंही नाही. कॅन्टोन्मेंटमध्ये आपल्या क्वार्टर्समधल्या मुली काही फेकत नसत. त्या दोरीवरच्या उड्या मारत.

ही तुमची नात, अण्णा. ती जन्मायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात, त्यामुळे तिला ओळखायला तुम्हाला काही साधन नाही. तेरा वर्षांची आहे, उंच आहे, केस आखूड कापलेत, बोलते अर्धं हिंदीत. सॉफ्टबॉल खेळते. तुमच्या पलटणीत व्हॉलीबॉल होता, हा खेळ तुम्ही पाहिला नसेल. यात चेंडू खालून टाकतात. टाकणारी मुलगी मधोमध उभी राहते, हात पूर्ण गोल फिरवते, रहाट फिरावा तसा, आणि तो कमरेजवळून जाताना मनगटाला झटका देऊन चेंडू सोडते. काल रविवारी सकाळी राज्याच्या संघासाठी निवड होती, चौदा वर्षांखालच्या मुलींची. इथे दिल्लीत, द्वारकेच्या बाजूला एका शाळेचं मैदान. थंडी सरत आलेली, पण धुरकट होतं, मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. तिचा रोजचा सराव शाळेतच होतो, शाळा सुटल्यावर. ती उशिराच्या बसनं घरी येते, हातपाय धुते, जेवते. आम्ही दोघांनीही तिला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. हा, तिचा बाबा, ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेला आहे, म्हणून मी गेले. मेट्रोत ती मला बजावत होती. "आई, तिकडे जाऊन काही बोलू नकोस हं. कोचला बिल्कुल आवडत नाही." मी म्हटलं, "मला त्यातलं काही कळत तरी आहे का?" "तेच ना यार," ती म्हणाली.

धावणं झालं, जमिनीवरून येणारे चेंडू अडवणं झालं. तोवर मला काही दिसलं नव्हतं. लांब होत्या त्या सगळ्या, सारख्या टोप्या घातलेल्या. मग चेंडू टाकणाऱ्या मुलींना मधे बोलावलं. प्रत्येकीला मोजके चेंडू मिळणार आणि त्यावरून एकीची निवड होणार, असं शेजारच्या गृहस्थांनी मला समजावून सांगितलं. ही पुढे आली, उभी राहिली, आणि तिनं चेंडू डाव्या हातात घेतला. ती घरात उजव्या हातानं जेवते, अण्णा. उजव्या हातानं लिहिते, दात घासते, केस विंचरते. तिचा पहिला चेंडू मी तोंडातून अक्षर न काढता पाहिला. दुसराही. मला वाटलं, हिचं काहीतरी चुकतं आहे आणि कोणी तिला सांगत कसं नाही. तिसऱ्याला मी ओरडले. पण तो आवाज माझा नव्हता. मला तो लगेच ओळखू आला.

तुम्ही आयुष्यात माझ्यावर एकदाच ओरडलात. पलटणीचा बडा खाना आहे. मोठा शामियाना, जवानांच्या रांगा, आम्हा मुलांची वेगळी रांग. मी लाल स्वेटर घातला आहे, आईनं विणलेला, बाह्या लांब. कुणा साहेबांच्या मेमसाहेब मुलांना लाडू वाटत येताहेत. माझ्यापाशी येतात, मी हात पुढे करते, आणि पलीकडच्या रांगेतून तुम्ही ओरडता, "उजवा!" मेमसाहेबांचा लाडू धरलेला हात हवेतच राहतो. मी हात मागे घेते आणि घाबरून मला आठवेनासं होतं की उजवा कुठला. मी दोन्ही पुढे करते. त्या हसतात आणि दोन्ही हातांवर लाडू ठेवतात. परतताना मी सायकलच्या नळीवर बसले आहे, दोन्ही मुठींत लाडू. क्वार्टरच्या दाराशी मला उतरवून घेता आणि म्हणता, "घेताना उजवा, देताना उजवा. लोक बघतात." मी मान हलवते. त्यानंतर मी कुणाकडूनही काहीही डाव्या हातानं घेतलेलं नाही. प्रसाद नाही, सुटे पैसे नाहीत, मेट्रोच्या दारात कुणी वाटत असलेला जाहिरातीचा कागदसुद्धा नाही.

म्हणूनच तो ग्लव्ह तसा आणला गेला. गेल्या वर्षी तिनं शाळेत सॉफ्टबॉल घेतला आणि वाढदिवसाला ग्लव्ह मागितला. मी करोल बागेत गेले. दुकानदारानं दोन काढून ठेवले, एक या हाताचा, एक त्या हाताचा. चामड्याचा मोठा पंजा, त्यात चेंडू झेलायचा. मी दोन्ही बघितले आणि उजव्या हातात बसणारा उचलला. तो म्हणाला, "मैडम, बच्ची कौन से हाथ से थ्रो करती है?" मी म्हटलं, "राइट से. इसीलिए तो." तो म्हणाला, "तो फिर ये दूसरा लीजिए, ये लेफ्ट में पहनते हैं." मला ते पटेना. चेंडू येतो तो घ्यायचा असतो, आणि घ्यायचं ते उजव्यानं. माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. पंजा डाव्या हातात घालून तो पुढे करायचा, हे मला कुणाच्या अंगावर पाय टाकण्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "नहीं भैया, यही दीजिए." तो खांदे उडवून म्हणाला, "जैसी आपकी मर्ज़ी. वापस नहीं होगा." मी घरी आणला, तिला दिला. तिनं तो उजव्या हातात चढवला, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आवडला. "थँक यू आई," म्हणाली आणि गळ्यात पडली. ती सहसा गळ्यात पडत नाही.

हे सगळं मला मैदानावर उभ्याउभ्या कळलं. ग्लव्ह उजव्या हातात असेल, तर टाकायला डावाच उरतो. इतकी साधी गोष्ट. मी कॉलेजात मुलांना साहित्य शिकवते, अण्णा. दोन ओळींमधलं वाचा म्हणून सांगते.

कोच माझ्याकडे आला नाही, तिथूनच बोलला. हरियाणवी माणूस, गळ्यात शिटी, आवाज घोगरा. "मैडम! अंदर से मैं बोलूँगा, बाहर से कोई नहीं. ठीक है?" मी मान हलवली. मग तो तिला म्हणाला, "चल बेटा, नेक्स्ट." आणि तिनं काय केलं, तर ग्लव्ह उतरवला. उजव्या हातातून काढला आणि डाव्यात घालायला लागली. तो बसेना. अंगठ्याच्या जागी करंगळी जात होती. तिनं एकदोनदा प्रयत्न केला, मग तो काखेत धरला, चेंडू उजव्या हातात घेतला आणि उभी राहिली. रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तिनं उजवा हात फिरवला. चेंडू चार पावलांवर पडला, आणखी थोडा घरंगळला आणि थांबला. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ये क्या है?" कोच म्हणाला. "ग्लव्ह क्यों उतारा?"

"आईने बोला."

"किसने?"

"मम्मी ने."

"मम्मी को खेलना है क्या?" आता सगळ्याच हसल्या. ती हसली नाही. ती जमिनीकडेही बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, अण्णा, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट बघत होती. मी सांगितलं आणि तिनं ऐकलं होतं, भर मैदानात, जिथे तिचं सगळं काही त्या मोजक्या चेंडूंवर होतं, एका शब्दावर तिनं हात बदलला होता. मला तिच्या डाव्या हाताचा धक्का बसला होता खरा. पण तो ह्या धक्क्यापुढे काहीच नव्हता. ही मुलगी घरी मोबाइल ठेव म्हटलं तर ठेवत नाही. पण तो शब्द तिच्या आत कुठेतरी इतक्या खोल होता, की तिथे ती विचारायलाही थांबली नाही. तो शब्द तिथे मीच ठेवला असणार. दुसरं कोण?

कोच दोरीपर्यंत आला. आता तो ओरडत नव्हता. "मैडम, बच्ची लेफ्टी है कि नहीं, ये आप लोग घर में फैसला कर लो. मेरे पास लेफ्ट-आर्म एक भी नहीं है, इसलिए पूछ रहा हूँ. शुरू के दो बॉल बहुत अच्छे थे उसके. दो ख़राब हो गए. दो बचे हैं."

मी हिंदीत म्हणायला गेले. इथे इतकी वर्षं काढली, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी आपोआप येते. ती आली नाही. मी म्हटलं, "डाव्यानं." ते कोचलाही नीट ऐकू गेलं नसेल. ती लांब उभी होती. मग मला ते मोठ्यानं म्हणावं लागलं, मघाशी ओरडले होते तितक्याच मोठ्यानं. "डाव्यानं! डाव्यानं टाक!" हे शब्द मी तिला कधी म्हटले नव्हते, आणि मला कोणी कधी म्हटले नव्हते.

तिनं ग्लव्ह परत उजव्या हातात चढवला. चेंडू त्यात दोनदा आपटला. हात फिरला. आणि तिचं मनगट कमरेशी आलं तेव्हा मला तुम्ही दिसलात. मागची भिंत आहे, भिंतीवर माकड बसलं आहे, आपली पोळी त्याच्या हातात आहे, आई दारातून हाडहाड करते आहे. तुम्ही बनियनवर बाहेर येता, वाकून दगड उचलता, आणि हात कमरेच्या वर न नेता, खालून, तो सोडता. दगड माकडाच्या बाजूला, बोटभर अंतरावर भिंतीला लागतो. माकड पोळी टाकून जातं. तुम्ही हात पॅंटला पुसता आणि इकडेतिकडे बघता. मला तेव्हा वाटलं होतं, साहेबलोकांच्या बंगल्याकडे दगड गेला म्हणून बघताहात. ते मनगट काल द्वारकेच्या मैदानावर होतं. तोच झटका, त्यानंतर बोटं तशीच थोडी उघडी. चेंडू पंजात बसल्याचा आवाज आला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ओए होए." शेवटचाही तसाच गेला. कोच म्हणाला, "ठीक है. कल सुबह फ़ोन करूँगा. नेक्स्ट."

मेट्रोत ती माझ्या शेजारी न बसता समोर बसली. मधली माणसं उतरल्यावर म्हणाली, "तू का ओरडलीस?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"सगळे हसत होते."

"हो."

"मम्मी को खेलना है क्या. आता वर्षभर मला हेच बोलणार त्या. तुला काय, तू कॉलेजला जाशील." मग जरा वेळानं, "आणि आई, तूच तर आणलास ना तो ग्लव्ह. उजव्या हाताचा. मग?"

"मग काय?"

"मग काय म्हणजे? घरात उजवा आणि ग्राउंडवर डावा. असं आपलं डील होतं ना? तू बोलली नाहीस, पण मला कळलं होतं. पहिल्या दिवशी सर म्हणाले, लेफ्टी हो? मी म्हटलं हो. टाकला. सरळ गेला ना. मला वाटलं, माझ्या आईला माहितीये." ती माझ्याकडे बघत होती. "होतं ना डील?"

पुढचं स्टेशन आलं, दारं उघडली, मिटली.

"हो," मी म्हटलं. "होतं."

"मग ओरडायचं नाही ना यार," ती म्हणाली, आणि उठून माझ्या बाजूला येऊन बसली.

घरी येऊन मी आईला फोन लावला. ती गावी दादाकडे असते आता. मी विचारलं, "अण्णा डावखुरे होते का गं?"

"डावरे व्हय," ती म्हणाली. ते उंच होते का असं विचारल्यासारखं. "का गं?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलंस? अख्ख्या गावाला ठावं हाय. डावऱ्याच म्हणायचे त्यांना. भरती झाले आन् तिकडं जाऊन उजवे झाले." मग तिनं मला ते सांगितलं, जे तुम्ही तिला लग्नानंतर हसत सांगितलं होतं म्हणे. ट्रेनिंग सेंटरमध्ये अगदी सुरुवातीलाच समोर साहेब आले आणि तुमचा डावा हात सलामीला वर गेला. कवायत शिकवणाऱ्या उस्तादानं रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायला लावल्या, तुम्ही ओकेपर्यंत. मग लंगरात जेवताना डावा हात पट्ट्यानं पाठीशी बांधून बसवायचे, सगळ्यांसमोर, बरेच दिवस. "हसत सांगितलं त्यांनी," आई म्हणाली. "मी न्हाई हसले."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू काय?"

"मी पण होते का डावरी?"

तिकडे टीव्ही चालू होता. तिनं कुणालातरी तो बंद करायला सांगितला. "व्हतीस की. लई. चमचा, पेन्सिल, समदं डाव्यात. म्हणून तर धरत व्हते तुझा हात. मी म्हनलं, खाऊ द्या की पोरीला कशी खाती तशी. तर म्हनाले, लोक सोडत न्हाईत. म्हनाले, मी मारणार न्हाई तिला. बांधणार पन न्हाई. नुस्ता धरीन."

तुम्ही नुसता धरलात. जेवताना तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसायचात आणि तुमच्या उजव्या हातात माझा डावा हात असायचा. तुमचा तळवा खरखरीत, कोमट. मी शाळेत जायला लागेपर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षं. तुम्ही परेडच्या, ड्युटीच्या, सुट्टीवर गेलेल्यांच्या गोष्टी सांगायचात आणि मी एका हातानं जेवायचे. माझ्या लहानपणाबद्दल मला कोणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते. लग्नाआधी ह्याला हीच सांगितली होती. माझे वडील फौजी होते, पण जेवताना माझा हात हातात घेऊन बसायचे. मी ती कॉलेजात, वर्गातही एकदा सांगितली आहे. मग मला मुलगी झाली आणि मीही तिचा हात धरला. कोणी शिकवलं नाही. आपल्याकडे मुलांना असंच भरवतात, अशीच माझी समजूत होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसायचे. ती हात ओढायची, मी हसायचे, धरून ठेवायचे. ह्यानं एकदा विचारलं, हात का धरून बसतेस तिचा? मी म्हटलं, अण्णा धरायचे. "स्वीट," म्हणाला.

मला तुमच्यावर रागवायचं होतं. फोन ठेवल्यावर मी त्यासाठीच बसले होते, दुपारभर. पण सारखी आपली स्वयंपाकाची खोलीच समोर येत होती. तुमचा उजवा हात माझ्या हातात अडकलेला, त्यामुळे तुमचं ताट तसंच पडून असायचं. आमचं झालं की तुम्ही ते उचलून आत जायचात. एकदा मी पाणी प्यायला तुमच्या मागे येते. दिवा लावलेला नाही, खिडकीतून बाहेरच्या खांबाचा उजेड येतो आहे. तुम्ही ओट्याशी उभे आहात, दाराकडे पाठ, आणि गार झालेला आमटीभात खाता आहात, डाव्या हातानं, भराभर, मोकळेपणानं. बूट काढून टाकलेला माणूस घरात चालतो तसे. मी उंबऱ्यावर थांबते. मला वाटतं, आपण काहीतरी उघडं पाहिलं. तुमच्या पाठीला ते कळतं. नळ सुरू होतो, हात पाण्याखाली जातो. तुम्ही वळता. "पाणी हवंय?" म्हणता, आणि ग्लास भरून मला देता. उजव्या हातानं. मी उजव्या हातानं घेते.

त्या खोलीतल्या दोघांपैकी कोणीच त्याबद्दल काही बोललं नाही, आणि आता एकच उरलं आहे. तुम्ही रोज त्या अंधारात जाऊन जेवत होतात, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन माझा हात धरत होतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं कशा केल्या, ते मला कळत नाही. की ज्याला ते आतून माहीत होतं, त्यालाच ते करता आलं? मी लिहिते आहे ते उत्तर मिळावं म्हणून नाही. इथे संध्याकाळ झाली आहे, ती तिच्या खोलीत कुणाशीतरी फोनवर हिंदीत हसते आहे. बहुतेक मैदानावरचीच गोष्ट सांगते आहे, माझी नक्कल करून. ते चांगलंच आहे.

हे कागद घरात ठेवता येणार नाहीत. तिला मराठी शब्द कमी येतात, पण वाचता सगळं येतं, आणि हे तुमच्याआधी तिच्याच हाती लागेल. आणि एक गोष्ट तिला कळायला नको आहे. तो ग्लव्ह म्हणजे डील वगैरे काही नव्हतं. मला काही माहीत नव्हतं. करोल बागेतल्या त्या माणसानं मला दोनदा सांगितलं आणि मी ऐकलं नाही, कारण घेताना उजवा. तिला वाटतं, आईनं न बोलता तिला मोकळं सोडलं. ती ज्यासाठी माझ्या गळ्यात पडली होती, ते मी केलेलंच नाही. तिनं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, आणि पुन्हा विचारलं तरी हो म्हणेन. हे फक्त तुम्हाला सांगते आहे.

आज सकाळी, ती पोहे खात असताना, कोचचा फोन आला. जागा दुसऱ्या मुलीला गेली, ही राखीवमध्ये. "वो दो बॉल का मैं क्या करता, मैडम," तो म्हणाला. मी तिला म्हटलं, राखीव. ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हटलं, रिझर्व्ह. "अच्छा," ती म्हणाली आणि बशीकडे बघत राहिली, मग परत खायला लागली. चमचा उजव्या हातात होता. डावा हात टेबलावर, माझ्या बाजूला, उघडा पडला होता. मी तो धरला नाही. खाली बसचा हॉर्न वाजला, तिनं ग्लव्ह दप्तरात कोंबला आणि गेली.